मालकांचा उजवा पाय

मित्रांनो, जुनी गाडी बोलायला लागली की तुम्हाला वाटणार, आता ही बया गंजाचं रडगाणं लावणार. गंज मला आहे. डावा दरवाजा दोन्ही हातांनी ओढल्याशिवाय उघडत नाही आणि हौद्याच्या तळाला पडलेल्या भोकातून खालचा रस्ता दिसतो. पण गंजाचं मला दुःख नाही. मी पिकअप जातीची. पुढे तिघांना बसायची केबिन, मागे उघडा हौदा, आणि वय असं की माझ्या बरोबरीच्या बहुतेक जणी कधीच भंगारात गेल्या. मला सांगायचं आहे ते एका वायरबद्दल. ती माझ्या पोटाखालून मागच्या दिव्यांपर्यंत जाते. तिच्यापायी एका माणसाचं जे झालं ते मी जवळून पाहिलं. त्यामागचं कारण मला ठाऊक होतं, आणि मला एक अक्षर बोलता आलं नाही.

जन्माचं फार कौतुक सांगत नाही. कारखान्यात एकामागून एक आम्ही बाहेर पडत होतो, त्यांतली मी एक. एवढंच की माझ्यात एक चैनीची वस्तू बसवली होती, क्रूझ कंट्रोल. मोकळ्या रस्त्यावर हवा तेवढा वेग घ्यायचा, स्टीअरिंगवरचं बटण दाबायचं आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढून घ्यायचा. तो वेग मग मी माझी मी धरून ठेवते. ब्रेकला नुसता पाय लागला तरी सोडून देते. माझा पहिला मालक कंत्राटदार होता. त्याला गाडी दामटण्यात मौज वाटायची, त्यामुळे त्याने ते बटण कधी दाबलंही नाही. त्याच्याकडे मी विटा वाहिल्या, वाळू वाहिली आणि शिव्या खाल्ल्या. त्या काळाबद्दल बोलण्यासारखं काही नाही.

मग मला काचवाल्यांनी घेतलं. त्यांनाच मी मालक म्हणते. खिडक्यांच्या, कपाटांच्या, दुकानांच्या काचा कापून बसवून देणं हा त्यांचा धंदा. पुढे दुकान, मागे कारखाना, आणि त्यामागच्या आवारात पत्र्याखाली माझी जागा. माझ्या हौद्यात त्यांनी तिरकी लाकडी चौकट ठोकली, तिला जाड कांबळी गुंडाळली आणि काचा तिला टेकवून उभ्या न्यायला सुरुवात केली. काचेला हिसके चालत नाहीत. मालकांचा हात इतका हलका की खड्डा आला तरी माझ्या आधी त्यांनाच कळायचा. गिऱ्हाइकाच्या दारात काच उतरवताना ते माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणायचे, "आमच्या बाईसाहेबांनी आजवर एक काच तडकवलेली नाही." मला बाईसाहेब म्हणणारे तेच पहिले आणि तेच शेवटचे.

त्यांची मुलगी तेव्हा लहान होती. मधल्या सीटवर बसून ती पाय हलवायची आणि दिसेल त्या पाटीवरची अक्षरं मोठ्याने वाचायची. तिची आई तिच्या लहानपणीच गेली होती, म्हणून शाळा सुटली की ती आमच्याबरोबरच फिरायची. पुढे ती शिकली आणि एका मोठ्या दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला लागली. आता तिच्या केसांत एखाददुसरा पांढरा दिसतो, पण बसताना दरवाजा आपटायची सवय गेलेली नाही.

एके दिवशी कारखान्यात एक मोठी काच उभी करताना घसरली आणि मालकांच्या उजव्या घोट्यामागची शीर कापून गेली. डॉक्टरांनी ती शिवली. चालणं परत आलं, थोडं लंगडत का होईना. ब्रेक मारायला अडचण नव्हती. तो एका दाबाचा मामला. पण ॲक्सिलरेटर म्हणजे तासन्तास एकाच दाबाने धरून बसायचं काम, आणि ते पाऊल थोड्याच वेळात थरथरायला लागे, मग बधिर होई. गावातल्या गावात निभत होतं. लांबच्या रस्त्याला नाही. तेव्हा मालकांनी पहिल्यांदा ते बटण दाबलं. मी वेग धरला. त्यांनी पाय अलगद काढून घेतला आणि बाजूला ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे आजपासून माझा उजवा पाय तू."

मित्रांनो, यंत्राला याहून मोठी शाबासकी मिळत नाही. मिळू नये, असं आता वाटतं.

लांबचा रस्ता कशासाठी, ते सांगते. मालकांना एक थोरली बहीण आहे, ताई. आई लवकर वारल्यामुळे तिनेच त्यांना वाढवलं. स्वतःचं लग्न राहिलं ते राहिलंच. टेलिफोनच्या कचेरीत नोकरी करून तिने धाकट्या भावाला मोठं केलं. ती दुसऱ्या शहरात राहायची, मोठ्या सरळसोट रस्त्याच्या पार त्या टोकाला. म्हातारपणी तिची आठवण विरायला लागली. आधी गॅस बंद करायचा राहू लागला, मग घराचा रस्ता सापडेना. म्हणून तिला तिथल्याच एका वृद्धांच्या घरात ठेवलं. इकडे आणून बघितलं होतं, पण परक्या भिंती पाहून ती रात्रंदिवस घाबरून राहायची. तिथे तिला निदान रस्त्यावरचे आवाज ओळखीचे होते.

दर रविवारी मालक तिच्याकडे जात. तिची खोली तळमजल्यावर होती आणि तिची खिडकी आवारात उघडायची. मी बरोबर त्या खिडकीखाली उभी राहायची. त्यामुळे आतलं सगळं मला ऐकू येई. मालक दारात दिसले की तिचा प्रश्न ठरलेला.

"बारक्या, जेवलास का रे?"

"जेवलो, ताई."

"खोटं बोलतोस. तोंड बघ तुझं."

साठी उलटलेल्या माणसाला ती बारक्या म्हणायची, आणि तो बारक्या तिच्या पलंगाच्या कडेला बसून फळं कापून द्यायचा. बाकी कोणी तिला ओळखू येत नव्हतं. मालकांची मुलगीसुद्धा नाही. तिला ती शेजारीण समजायची. एकदा तिथल्या नर्सबाई मालकांना सोडायला माझ्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "काका, तुमचा रविवार चुकवू नका. त्यांना मनात काही धरून ठेवता येत नाही. तुम्ही येत राहता, म्हणून तुम्ही तेवढे राहिलात. मध्ये खंड पडला तर मी सांगू शकत नाही."

मालक म्हणाले, "खंड कशाला पडेल? आमच्या बाईसाहेब आहेत ना."

एका शनिवारी संध्याकाळी मुलगी कामावरून आली ती हातात एक छोटी पिशवी घेऊन. दवाखान्यात असल्यामुळे अपघाताची माणसं तिला रोज दिसत. तिने बापाला हाक मारून दुकानातून बाहेर बोलावलं.

"बाबा, तुम्ही ब्रेक मारता ते मागच्याला दिसतच नाही. परवा मी तुमच्या मागून आले ना. काजवा बरा त्यापेक्षा."

"जुनी गाडी, जुने दिवे."

"म्हणून तर. त्या रस्त्याला ट्रक कसले सुसाट असतात माहितीये. आणि तुम्ही एकटे."

तिने उकिडवं बसून माझ्या मागच्या दिव्यांच्या लाल काचा सोडवल्या. स्क्रू काढताना तिची जीभ ओठांवर आली होती, लहानपणी चित्र काढताना यायची तशी. दोन्हीकडचे तारेचे जुने बल्ब काढले आणि नवे एलईडीचे बसवले. मालकांनी ब्रेक दाबला तसं आवार लाल झालं. मग ती आत बसली आणि बघायला मालक मागे गेले. त्यांनी शेजारच्या शिंप्यालाही बोलावून आणलं. म्हणाले, "बघ, आमच्या लेकीने बसवले. मेकॅनिकची गरज पडली नाही." जुने बल्ब फुटक्या काचांच्या डब्यात गेले.

आता जरा शाळेतल्यासारखं सांगते, कंटाळू नका. माझ्या डॅशबोर्डखाली क्रूझचा एक डबा आहे. तो स्वभावाने फार जपून वागणारा. वेग धरायच्या आधी तो ब्रेकच्या दिव्यांच्या वायरमध्ये अगदी चिमूटभर करंट सोडून बघतो. जुन्या बल्बच्या तारेतून तो करंट पार होऊन माझ्या सांगाड्याला पोचतो, आणि डब्याला कळतं की मागचं सगळं शाबूत आहे, उद्या कोणी ब्रेक दाबला तर आपल्याला समजेल. नवे बल्ब तो चिमूटभर करंट पलीकडे जाऊच देत नाहीत. मग डबा म्हणतो, ब्रेकच्या वायरीत काहीतरी तुटलं आहे, मी वेग धरणार नाही. डब्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. बल्बांचंही चुकलं नाही. मुलगी तर शंभर हिश्शांनी बरोबर होती. सगळे बरोबर असताना एखाद्याचा घात होतो, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो. मालकांनी वेग घेतला, बटण दाबलं, पाय काढला. मी हळू पडत गेले. त्यांनी परत दाबलं. परत तेच. मागून ट्रक भोंगे वाजवत अंगावरून जात होते. मालक पायानेच ॲक्सिलरेटर धरून बसले, पण ते पाऊल थरथरायला लागलं तसा माझा वेगही कमीजास्त होऊ लागला. त्यांनी डावा पाय आडवा घालून बघितला, तेव्हा आम्ही जवळजवळ शेजारच्या पट्ट्यात गेलो. शेवटी एका पेट्रोल पंपावर थांबले. घोटा दोन्ही हातांनी चोळत बसून राहिले. रस्ता अजून अर्ध्याच्या वर बाकी होता. तिथून त्यांनी फोन केला.

"नर्सबाई, ताईला सांगा, बारक्याची गाडी बिघडली. पुढच्या रविवारी नक्की."

आणि आम्ही मागे फिरलो. थांबत थांबत, पाय चोळत घरी पोचलो. पुढचा रविवार आहेच, असं आम्हा दोघांनाही वाटलं.

संध्याकाळी मुलगी घरी आली. दवाखान्यातली तिची रविवारची पाळी ठरलेली असायची. "आत्या कशी आहे?" तिने विचारलं.

"बरी आहे," मालक म्हणाले.

का खोटं बोलले, ते मला माहीत होतं. पायाचं दुखणं वाढलं असं कळलं असतं तर ती म्हणाली असती, बाबा, आता गाडी विकून टाका. तसं ती पूर्वी एकदा म्हणाली होती. म्हणून मालकांनी तिला ताकास तूर लागू दिली नाही. आधी गुपचूप दुरुस्त करून घेऊ, मग सांगू. मित्रांनो, सगळ्या कथेची मेख इथे आहे. दिवे कधी बदलले ते दोघांना ठाऊक; क्रूझ कधी बंद पडलं ते एकट्या बापाला ठाऊक. दोघं एका ताटापुढे बसत होती, आणि या दोन गोष्टी एकमेकींना भेटल्या नाहीत.

सोमवारी नाक्यावरच्या मिस्त्रीने फ्यूज बदलला. मग मालकांनी मला टेस्टरकडे नेलं. हा गाड्यांच्या वायरिंगचा माणूस. कानामागे कायम टेस्टर खोचलेला, म्हणून सगळे त्याला टेस्टरच म्हणत. माणूस चांगला होता आणि कामात चोखही. त्याने सुरुवात अगदी योग्य ठिकाणाहून केली.

"काका, बंद पडायच्या आधी गाडीला कोणी हात लावला होता का?"

मला वाटलं, सुटले.

"छे," मालक म्हणाले, "कोणी नाही. या गाडीला माझ्याशिवाय कोण हात लावणार?"

ते खोटं बोलले नाहीत. त्यांच्या लेखी मुलगी म्हणजे 'कोणी' नव्हतीच. कोणी म्हणजे परका, आडदांड, वायरी ओढणारा. लेकीने मायेने बसवलेला दिवा 'हात लावण्यात' कसा येईल? टेस्टरने मान हलवली आणि पुढचं तपासायला घेतलं. "दाबा ब्रेक." मागची भिंत लाल झाली. "ब्रेकलाइट एकदम फर्स्ट क्लास. ती बाजू सोडा."

ती बाजू सोडली. त्यानंतर सगळ्यांनी मला पुढूनच उघडलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, म्हणतात ना, ते मी अंगावर भोगलं. ब्रेकच्या पॅडलमागचा स्विच बदलला. स्टीअरिंग खोलून बटणं बदलली, आणि त्या खटपटीत माझा भोंगा गेला. मग एका भंगारवाल्याकडून माझ्याच जातीच्या एका गाडीचा क्रूझचा डबा काढून आणला. ती माझ्या बरोबरीची असेल. तिचा डबाही माझ्यासारखाच जपून वागणारा; त्यानेही तेच उत्तर दिलं. मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये पांढरा सदरा घातलेल्या माणसाने मला संगणक जोडून बघितला आणि म्हणाला, "काका, तुमची गाडी इतकी जुनी आहे की आमच्या मशीनला तिची भाषाच येत नाही." मला हसू आलं असतं. मी तर त्याच्या मशीनच्या आधीपासून गप्प होते.

आणि एक दुपार. ती मी विसरू शकत नाही. टेस्टरने आमच्या आवारात येऊन पुन्हा एकदा सगळं मुळापासून बघायचं ठरवलं होतं. मागच्या उजव्या दिव्याच्या खोबणीत करंट नीट येतो का हे पाहायला त्याने नवा बल्ब काढला आणि आपल्या पेटीतला तारेचा एक जुना बल्ब तिथे घातला. तेवढ्याने मला पुरत होतं. त्या चिमूटभर करंटला वाट मिळाली, डबा निवांत झाला. मी बरी झाले होते. पूर्ण बरी. टेस्टरने मला बाहेर काढलं आणि गल्लीत एक फेरी मारली. बटण दाबलं. पण मित्रांनो, क्रूझ सावकाश चालीत लागतच नाही. बऱ्यापैकी वेग घेतल्याशिवाय डबा जागाच होत नाही. मालकांना हे माहीत होतं, पण मालक तेव्हा दुकानात एका गिऱ्हाइकाची काच कापत होते. गल्लीत सायकली, हातगाड्या, खेळणारी मुलं. टेस्टरने दोनतीनदा बटण दाबलं आणि म्हणाला, "नाहीच लागत." मला आवारात आणून उभं केलं. तारेचा बल्ब काढला, नवा परत बसवला. म्हणाला, "एवढा चांगला बल्ब, वाया कशाला घालवायचा."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार कशाला म्हणतात, ते त्या दुपारी मला कळलं.

टेस्टरने शेवटी हात टेकले. "काका, कुठेतरी आत वायर तुटली असेल. सगळी वायरिंग काढावी लागेल. आणि तरी खात्री देत नाही." मालकांनी त्याला दोष दिला नाही. ते नुसते माझ्या स्टीअरिंगवर हात ठेवून बसले.

मधल्या काळात रविवार येत होते आणि जात होते. एकदा मालक बसने गेले. दोन बस बदलून, मोठ्या रस्त्यावर उतरून, त्या पायाने चालत तिथे पोचेपर्यंत भेटायची वेळ संपत आली होती आणि ताई औषध घेऊन झोपली होती. ते तिच्या उशाशी बसले आणि उठून आले. दुसऱ्या दिवशी घोटा एवढा सुजला की दुकान उघडता आलं नाही. मुलीला सांगितलं, पायरीवर मुरगळला. त्यानंतर ते म्हणायला लागले, गाडी दुरुस्त झाली की जाऊ. आज होईल, उद्या होईल. पत्र्याखाली माझ्याजवळ येऊन ते तिथल्या नर्सबाईंना फोन करत. पलीकडचा आवाज मला ऐकू येई.

"विचारतात का मला?"

"विचारतात ना. बारक्या आला का, बारक्या आला का. सारखं खिडकीशी उभं राहायचं."

पुढच्या वेळी, "हो, मध्ये एकदा विचारलं."

त्यापुढच्या वेळी, "काका, तब्येत छान आहे त्यांची. जेवण छान चाललंय."

मालकांनी मग परत तो प्रश्न विचारला नाही. आणि इकडे रविवारी संध्याकाळी मुलगी विचारायची, आत्या कशी आहे, तेव्हा ते म्हणायचे, "बरी आहे. तुझी आठवण काढत होती." ताईने तिची आठवण कधीच काढली नव्हती. हे खोटं त्यांनी का जोडलं, मला सांगता येणार नाही. एका खोट्याला सोबत लागत असावी.

ते फुटलं ते साध्या कारणाने. ताईला गरम कपडे हवे होते. मालकांचा फोन लागला नाही म्हणून नर्सबाईंनी मुलीला लावला, आणि बोलता बोलता म्हणून गेल्या, काका बरेच दिवसांत फिरकले नाहीत. मुलगी तशीच आवारात आली. मालक माझ्या बॉनेटवर वाकलेले होते.

"बाबा, तुम्ही रविवारी आत्याकडे जात नाही?"

त्यांनी बॉनेट लावून टाकलं.

"मी दर रविवारी विचारते तुम्हाला. दर रविवारी. आणि तुम्ही तोंडावर सांगता, बरी आहे."

"क्रूझ बंद आहे गं. पाय टिकत नाही त्याशिवाय."

"मग मला सांगायचं ना. मी नेलं असतं. पाळी बदलून घेतली असती."

"तू गाडी विकायला लावली असतीस."

ते खरं होतं. मुलगी हळूच म्हणाली, "गाडी महत्त्वाची का आत्या, बाबा?"

त्याच रविवारी तिने पाळी बदलली आणि ती स्वतः माझ्या स्टीअरिंगवर बसली. तिचा पाय धडधाकट. तिला क्रूझची गरजच नव्हती. मालक शेजारी कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसले. अर्ध्या वाटेवर तिने विचारलं, "कधीपासून बंद आहे पण हे?"

मालक बाहेर बघत होते. म्हणाले, "तू ते दिवे बसवलेस ना, त्याच सुमारास."

मी तेव्हा धावत होते म्हणून बरं. उभी असते तर थरथर दिसली असती. काखेत कळसा होता, आणि तो काखेतून बाहेर काढून त्यांनी दोघांच्या मध्ये ठेवला होता.

"हो का," मुलगी म्हणाली. "दिवे बाकी छान लागलेत ना?"

"छानच. टेस्टरसुद्धा म्हणाला, फर्स्ट क्लास."

आणि पुढे दुसरं बोलणं निघालं.

मी खिडकीखाली उभी राहिले. खिडकीच्या एका तावदानाला कोपऱ्यापासून तडा गेला होता, पूर्वी नव्हता. ताई खुर्चीत बसली होती. मालक दारात उभे राहिले. मी वाट बघत होते, आता विचारेल, जेवलास का रे. ताईने मान वर केली आणि त्यांच्या हातातल्या पिशवीकडे बघितलं.

"या, या. काच बदलायला आलात का? केव्हाची सांगतेय मी त्यांना. वारा येतो."

मुलगी पुढे होत म्हणाली, "आत्या, बाबा आलेत गं. ओळखलं नाहीस?" ताई घाबरून खुर्चीत मागे सरकली. मालकांनी मुलीचा दंड धरून तिला मागे ओढलं. मग खिशातून टेप काढला. तो त्यांच्या खिशात असतोच.

"हो," ते म्हणाले. "माप घ्यायला आलोय."

त्यांनी माप घेतलं. मग परत एकदा घेतलं. परतीच्या वाटेवर मुलगी रडत गाडी चालवत होती आणि मालक तिला वळणं सांगत होते, जणू तिला रस्ता माहीत नव्हता.

आठवडाभर त्यांनी दुसरं काम हाती घेतलं नाही. त्या एका तावदानाची काच निवडली, कापली, कडा घासल्या. रविवारी ती माझ्या चौकटीला एकटीच टेकवून, चारी बाजूंनी कांबळी लावून नेली. मुलीने मला इतकं जपून चालवलं की बापाने एकदाही 'सावकाश' म्हणून हात वर केला नाही. तिथे पोचल्यावर मालकांनी जुनी काच काढली, नवी बसवली, पुट्टी लावून अंगठ्याने सारखी केली. ताई जवळ खुर्ची ओढून बघत बसली होती. तिला मौज वाटत होती.

"हात चांगला आहे हो तुमचा," ती म्हणाली. "माझा धाकटा भाऊ पण हेच काम करतो."

"हो का?"

"दर रविवारी येतो. कधी चुकवत नाही." तिने नव्या काचेतून आवारात बघितलं, सरळ माझ्याकडे. "आज उशीर झालाय त्याला. गाडी जुनी आहे ना त्याची."

मालकांनी काच पुसायला घेतली. स्वच्छ होती तरी पुसत राहिले.

"येईल," ते म्हणाले.

मित्रांनो, माझं क्रूझ अजून बंद आहे. आता ते कोणी दुरुस्त करत नाही आणि त्याची आठवणही काढत नाही. रविवारी मुलगी चालवते. मालक खिडकी झाडायला, कडी बसवायला, बिजागरीला तेल घालायला जातात. दर खेपेला नवं काम काढावं लागतं, कारण ताईला प्रत्येक वेळी विचारावंसं वाटतं, तुम्ही कशासाठी आलात.

आमच्यासारख्या मुक्या वस्तू तुमच्या घरात पुष्कळ असतील. त्यांच्यात काही बिघडलं, तर आधी आठवून बघा की शेवटचा हात कोणाचा लागला होता, आणि त्यात मायेचे हातही मोजा. कोणाला दोष द्यायला नव्हे, नुसतं कळावं म्हणून. एकमेकांना खरं सांगा, म्हणजे आमच्यावर बोलायची वेळ येणार नाही. आणि कोणी तुमच्यासाठी खिडकीशी उभं राहत असेल, तर गाडी दुरुस्त व्हायची वाट बघू नका. बसने जा, कोणाच्या तरी मागे बसून जा, लंगडत जा, पण वेळेवर जा. मी आता दुरुस्त झाले, तरी कुठल्या बारक्याला नेऊन कुठल्या ताईला भेटवणार?